अलिबागचे जुने गाव पायी पाहायचे आहे : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मृद्गंध

नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस मी, माझे निवृत्त शिक्षक असलेले वडील आणि अकरावीत शिकणारी माझी मुलगी असे तिघे पुण्याहून अलिबागला जाणार आहोत. आदल्या रात्री गावातच मुक्काम करून दुसरा पूर्ण दिवस हाताशी ठेवायचा विचार आहे. किनारा, घोडागाडी आणि शहाळी हे अलिबाग आमचे यापूर्वी पाहून झाले आहे. या खेपेला एस. टी. स्थानक आणि समुद्र यांच्या मधली जुनी वस्ती, जी आपण सगळेच गाडीत बसून ओलांडतो आणि थेट वाळूवर उतरतो, ती सावकाश पाहायची आहे. वडिलांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे आंग्र्यांचा विषय निघाला की त्यांना वेळेचे भान राहत नाही; मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना सलग फार चालवत नाही. मुलीचा ओढा विज्ञानाकडे आहे आणि अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे हे कळल्यापासून तिचे तेच पालुपद चालले आहे.

कुलाबा किल्ला आधी करावा की गाव आधी पाहावे? इस्रायल आळीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बाहेरच्या माणसांना आतून पाहता येते का? वेधशाळेत जाऊ देतात का? याहून मोठी शंका अशी, की ज्याला जुने गाव म्हणावे असे अलिबागमध्ये आज खरोखर काही उरले आहे का, की सुट्या सुट्या दोन-चार वास्तू आणि त्यांच्या मधे इमारतीच इमारती आहेत? स्थानिकांनी आणि जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : वर्सोलीकर

किल्ला आधी की गाव आधी, हे आपण किंवा मी ठरवायचे नसून पंचांगाने ठरवायचे आहे. कुलाबा किल्ला समुद्रात असला तरी ओहोटीला किनाऱ्यापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जमीन उघडी पडते, म्हणून दिवसाची आखणी ओहोटीभोवतीच करावी लागते. आमच्याकडची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, त्यामुळे प्रत्यक्ष निघण्यापूर्वी मुंबईचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच. परंतु महिनाभर आधी तारीख निवडायची झाल्यास हे गणित पुरेसे आहे.

यात आणखी एक मेख आहे, जी पर्यटकांना सहसा कोणी सांगत नाही. अष्टमीच्या आसपास ओहोटी नेमकी दुपारी येते, त्यामुळे ती सोयीची वाटते. परंतु तेव्हा भांगाचे दिवस असतात, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अशा दिवशी वाटेत गुडघाभर पाणी राहू शकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप लांब हटते, पण तेव्हाची ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराची किंवा संध्याकाळची असते. म्हणून द्वितीया ते चतुर्थी या तिथी मला सर्वांत उत्तम वाटतात. वाट बरीचशी कोरडी मिळते आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर उतरावे आणि पाणी फिरल्यावर तासा-दीड तासाच्या आत किनाऱ्याला लागावे. 'अजून पाणी कुठे दिसते आहे' असे म्हणत रेंगाळणाऱ्यांना परतताना धावपळ करावी लागते. वडिलांसाठी घोडागाडी करावी. ओहोटीला ती किल्ल्यापर्यंत जाते.

किल्ल्यातून दहाच्या आत परत आलात, तर उन्हाचा तडाखा वाढेपर्यंत दीड-दोन तास मिळतील. ते आळ्यांसाठी ठेवावेत. किनाऱ्याकडून गावात शिरताना हमरस्ता सोडून आतल्या कोणत्याही आळीने चालू लागा. इथल्या जुन्या घराची रचना एकदा लक्षात आली की पुढे ती ओळखायला कोणी लागत नाही. रस्त्याच्या कडेला ओटा, त्यावर लाकडी गजांची पडवी, आत ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, मागे पडवीतच न्हाणीघर, आणि तिथून थेट मागल्या आळीपर्यंत गेलेली अरुंद, लांबलचक वाडी, तिच्यात विहीर, नारळ, पोफळी आणि पाण्याचे पाट. समोरून पाहणाऱ्याला फक्त ओटा दिसतो, म्हणून अलिबागचे जुने गाव लहान वाटते. खरे गाव घरांच्या पाठीमागे पसरलेले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या वाड्यांमधली असंख्य झाडे आडवी झाली, त्यामुळे पूर्वी जिथे दुपारीही अंधारून यायचे तिथे आता आभाळ दिसते. कोणी ओट्यावर बसलेले असेल तर 'वाडी पाहू का' असे विचारण्यात संकोच करू नये. नाही म्हणणारा क्वचितच भेटेल, आणि हो म्हणणारा मात्र विहिरीच्या पाण्याची चव घेतल्याशिवाय सोडणार नाही.

दुपारी जेवून वडिलांना विश्रांती द्या आणि उन्हे उतरल्यावर बाजारपेठ, आंग्र्यांची समाधी आणि हिराकोट तलाव असा दुसरा टप्पा करा. सगळी अंतरे हाकेच्या टप्प्यातली आहेत आणि जिथे चालवणार नाही तिथे रिक्षा मिळते.

प्रतिसाद : दस्तक

वर्सोलीकरांनी वाट सांगितली आहे, मी त्या वाटेवर काय शोधावे हे सांगतो. अलिबागच्या जुन्या गावाकडे किल्ल्याला पाठ करून पाहिले तर काही उलगडत नाही, कारण हे गाव म्हणजे किल्ल्याचाच जमिनीवर उतरलेला भाग आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये कुलाब्याचे बांधकाम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी ते आपल्या आरमाराचे ठाणे केले. कारभार, कोठारे, वाडे, देवळे, सगळे त्या बेटावर होते. बेटाला धोका जमिनीच्या बाजूने आहे हे ओळखून कान्होजींनी १७२० मध्ये किनाऱ्यावर हिराकोट बांधला आणि पुढच्याच वर्षी त्याची गरज सिद्ध झाली. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले, मोहीम फसली आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी जो तह केला तो वर्सोलीचा तह म्हणून ओळखला जातो. आमचे वर्सोलीकर विनयाने हे सांगायचे टाळत असावेत.

हिराकोटाच्या आत जाता येणार नाही, कारण तिथे अनेक वर्षांपासून जिल्हा कारागृह आहे. परंतु बाहेरून त्याची भिंत पाहावी. हातभर, दोन हातभर लांबीचे काळे दगड एकमेकांवर नुसते रचलेले आहेत आणि सांध्यांत चुना नाही. कुलाब्याच्या तटातही हेच तंत्र आहे, आणि तिथे त्याचे कारण डोळ्यांनी पाहता येते. लाट तटावर आपटली की पाणी दगडांमधल्या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मुरतो. चुन्याने बंद केलेल्या भिंतीने तो सगळा मार अंगावर घेतला असता. आपल्या वडिलांना सकाळी किल्ल्यात हे सांधे हाताने चाचपून पाहायला सांगा आणि संध्याकाळी हिराकोटाच्या भिंतीशी आणून उभे करा. त्यांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

किल्ल्यात सगळे पाहण्याचा हव्यास धरू नये. महादरवाजावरील कोरीव काम, राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी एवढे निवांत पाहावे. चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची सोय आहे, आणि इतकी माणसे त्या बेटावर कशी नांदली याचे उत्तर त्यात मिळते. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. पुष्कळ लोक त्यांच्याजवळ उभे राहून आंग्र्यांच्या तोफा म्हणून छायाचित्रे काढून घेतात. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे, म्हणजे त्या तिथे आल्या तेव्हा आंग्र्यांचे राज्य खालसा होऊन बरीच वर्षे लोटली होती.

हे खालसा होणे गावासाठी महत्त्वाचे आहे. कान्होजी १७२९ मध्ये वारले. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर भावाभावांत फूट पडली, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग एकाकडे गेले व कुलाबा मानाजींकडे राहिला. विजयदुर्गाच्या पातीतील तुळाजी आंग्रे यांचा १७५६ मध्ये तिथे पाडाव झाला आणि आंग्रे संपले असे शाळेत शिकवले जाते; पण कुलाब्याची पाती त्यानंतरही आठ दशके टिकून होती. शेवटी वारस उरला नाही, दत्तक नामंजूर झाला आणि १८४० मध्ये इंग्रजांनी संस्थान ताब्यात घेतले. डलहौसी भारतात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १८४२ मध्ये किल्ल्यातील इमारतींचे लाकूड लिलावात विकले गेले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लागले. कचेऱ्या, न्यायालय, तुरुंग असे सगळे जमिनीवर आले आणि गाव जिल्ह्याचे ठाणे झाले. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. तेव्हा जुन्या अलिबागमधून फिरताना कोणती वास्तू आंग्रेकाळातील आणि कोणती त्यानंतरच्या साहेबी कारभारातील, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारत राहिलात, तरी फिरणे सार्थकी लागेल.

कान्होजींची समाधी गावातच आहे. समाधीचे काम देखणे आहे, पण तिथे गर्दी नसते, हे चांगले की वाईट ते आपण ठरवावे.

प्रतिसाद : अश्वत्थ

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी अपेक्षाभंग होऊ नये म्हणून थोडे विरोधी मत नोंदवतो. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये जसा एक सलग जुना भाग दिसतो, एकासारखी एक रंगवलेली घरे, त्यांच्या कमानी, छज्जे, तसे अलिबागमध्ये काही नाही. एक कौलारू घर, शेजारी तीन मजली इमारत, मग एक भाड्याच्या खोल्यांची पाटी, असे मिश्रण आहे. शनिवार-रविवारी बाजारपेठेत वाहनांमुळे पाऊल टाकायला जागा नसते. इतिहासाचीच आवड असेल तर रेवदंडा आणि चौल गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, त्यातला उंच मनोरा, पडलेल्या चर्चच्या भिंती आणि त्यांच्या आत आजही नांदणाऱ्या नारळी-पोफळीच्या वाड्या, असे दृश्य महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. चौल तर कुलाबा किल्ला उभा राहण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून बंदर होते; रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात तिथेच उतरला होता.

प्रतिसाद : दस्तक

अश्वत्थ यांचे फोंतेन्यासविषयीचे म्हणणे मान्य. मात्र तिथल्या रंगांमागे संवर्धनाचे नियम आणि पर्यटनाचा पैसा दोन्ही आहेत. अलिबागच्या आळीत घराचा ओटा जुना राहिला असेल तर तो त्या कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या सोयीसाठी राखला आहे. रेवदंडा पाहावाच, पण तो पडक्या तटाचा अनुभव आहे आणि मृद्गंध यांनी वस्तीविषयी विचारले आहे. शिवाय एका दिवसात किल्ला, गाव आणि रेवदंडा असे तिन्ही केले, तर त्यांच्या वडिलांच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. दुसरा दिवस काढता आला, तर तो संपूर्ण चौल-रेवदंड्याला द्यावा.

आठवड्याच्या मधल्या वारी जाण्याचा अश्वत्थ यांचा अप्रत्यक्ष सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

प्रतिसाद : आगरवाट

सिनेगॉगविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. इस्रायल आळीतील मागेन आबोथ हे सिनेगॉग १८४८ मध्ये उभारले गेले आणि १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. बाहेरच्यांना ते पाहता येते, परंतु ते प्रार्थनास्थळ आहे, संग्रहालय नाही, ही जाणीव ठेवावी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ असतो, तेव्हा पाहायला म्हणून जाऊ नये. इतर दिवशी आळीत चौकशी करून देखरेख करणाऱ्यांना विनंती करावी. पुरुषांनी डोके झाकावे, त्यासाठी साधा रुमालही चालतो; छायाचित्रे विचारूनच घ्यावीत. आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा असतो, त्यावर उभे राहून तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचला जातो, आणि त्या तोऱ्याच्या गुंडाळ्या ज्या पेटीत ठेवतात ती जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीशी असते.

बेने इस्रायल समाजाची परंपरा असे सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. पुढे हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी विखुरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली : पेणकर, किहीमकर, नवगावकर, राजपूरकर. नेसण, बोली, स्वयंपाक, सगळे इथले झाले, पण शनिवार सुटला नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांच्या घरांत मराठी टिकली, मराठीतून नियतकालिक निघाले. इथे आळीचे नाव राहिले, सिनेगॉग राहिले आणि समाजाची अगदी मोजकी घरे राहिली.

आळीतून चालताना दारांच्या चौकटींकडे लक्ष द्यावे. ज्यू घराच्या उजव्या चौकटीवर साधारण खांद्याच्या उंचीला एक अरुंद नळीसारखी डबी थोडी तिरपी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात आणि तिच्यात शास्त्रवचन लिहिलेली गुंडाळी असते. घरात शिरताना आणि बाहेर पडताना तिला हाताने स्पर्श करण्याची रीत आहे.

इतिहासात रस असलेल्या आपल्या वडिलांसाठी आणखी एक ठिकाण सुचवते. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर उमटलेल्या खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा रथ तिथून स्वर्गात गेला, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. नवस फेडायला ते तिथे येतात आणि मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर आणि फळे. जगातल्या इतर कोणत्याही ज्यू समाजात हा विधी नाही. पोहे आणि खोबऱ्याखेरीज तो होणारच नव्हता, हे आपल्या कोकणी स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही पटेल.

प्रतिसाद : मृद्गंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तोफांवरचे १८४९ साल ऐकल्यावर त्यांनी पहिली सूचना अशी केली की आपण चष्मा विसरायचा नाही. पंचांग काढून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातील तिथी पाहत आहोत आणि शक्यतो बुधवार किंवा गुरुवार साधणार आहोत. रेवदंडा पुढच्या खेपेला.

मुलीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. वेधशाळेविषयी कोणी सांगू शकेल का? शिवाय वर्सोलीकरांना एक विचारायचे आहे, दुपारच्या जेवणाला कुठे जावे हे नव्हे, तर काय मागावे.

प्रतिसाद : चुंबकसूची

आपल्या मुलीचा ओढा मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेधशाळा समुद्राजवळच आहे. ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेची कार्यरत वेधशाळा असल्यामुळे तिकीट काढून आत जाण्याची सोय नाही. संस्थेकडे आधी लेखी विनंती करून परवानगी मिळवावी लागते. शाळा-महाविद्यालयामार्फत विनंती केल्यास बरे पडेल, आणि फेब्रुवारीअखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिन येतो हेही लक्षात ठेवावे. त्या सुमारास अशा संस्थांमध्ये विद्यार्थ्यांसाठी काही ना काही कार्यक्रम असण्याची शक्यता असते. परवानगी नाही मिळाली तरी कुंपणाबाहेरून जाताना तिची कथा मुलीला माहीत असावी.

मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी होऊ लागली. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेले जे प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, त्याची नोंद याच मुंबईच्या कुलाब्यात झाली. क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट तिथे मोजली गेली होती, आणि आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाच्या तीव्रतेविषयी बोलताना अजूनही त्या नोंदीकडे वळतात.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. रुळांतून वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहाने जवळपासचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघते, त्यामुळे इतकी नाजूक मोजणी तिथे अशक्य झाली असती. तेव्हा संचालक होते नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी पर्यायी जागेचा शोध घेतला आणि अलिबाग निवडले. मुंबईपासून फार दूर नाही, म्हणजे जुन्या नोंदींशी नव्या नोंदींचा सांधा जुळवता येईल, आणि तरीही विजेच्या गजबजाटापासून अलग. १९०४ मध्ये इथे काम सुरू झाले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली गेली, दोन्हींमधला फरक नक्की केला गेला आणि मगच मुंबईतली मोजणी थांबवली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. म्हणजे ट्राम येण्याआधीच यांचे बिऱ्हाड हलून झाले होते. सरकारी कामात असा दूरदर्शीपणा विरळाच, म्हणून हा तपशील मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्या दोन-तीन वर्षांच्या समांतर नोंदींमुळेच १८४१ पासून आजपर्यंतची मालिका एकसंध मानता येते.

इमारतही पाहण्यासारखी आहे. चुंबकसूची लोखंडाजवळ नेली की वळते हे शाळेत सगळे करून पाहतात. इथे तर सूचीचे अतिशय सूक्ष्म हेलकावे मोजायचे होते, म्हणून बांधकामात लोखंड वर्ज्य. दगड पोरबंदरचा, कारण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात चुंबकीय खनिजे असतात. लाकूड सागवानी, आणि खिळे-बिजागऱ्या लोखंडाऐवजी तांब्या-पितळेच्या. दस्तक यांनी हिराकोटाच्या काळ्या दगडांचे कौतुक केले आहे, ते योग्यच. पण त्याच दगडाला इथे दाराबाहेर उभे राहावे लागले. प्रवेश मिळाल्यास किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल असे सगळे बाहेर ठेवायला सांगितले तर आश्चर्य वाटू देऊ नये.

प्रतिसाद : वर्सोलीकर

जेवणाचे विचारलेत म्हणून सांगतो. फेब्रुवारी म्हणजे वालांचा हंगाम. मांसाहार करीत असाल तर ताजी मासळी मिळेलच, त्यासाठी माझी गरज नाही. परंतु खानावळीत वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी आहे का, हे आधी विचारा. पाटीवर लिहिलेले नसले तरी पुष्कळदा आतल्या चुलीवर असते. रात्रीच्या मुक्कामात ओळखीच्या कोणाच्या शेतावर पोपटी लागणार असेल तर वशिला लावून जा. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचे थर, मधे वालाच्या शेंगा, बटाटे, हवी असल्यास अंडी किंवा कोंबडी, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडक्यातून वास सुटला की झाली. शहरी उपाहारगृहात 'पोपटी' नावाने जे थाळीत वाढतात त्यावर माझा विश्वास नाही, पण तो माझा दुराग्रह समजावा.

बाजारपेठेत पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतील. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव या गावांचा कांदा चांगला. आगरवाट यांनी सांगितलेला खंडाळ्याचा खडक पाहायला गेलात, तर तिथेच शेतकऱ्याकडून घेता येईल. घेताना माळ हातात धरून पात नीट पाहावी. खऱ्या माळेत कांदे त्यांच्या स्वतःच्या वाळलेल्या पातीनेच वेणीसारखे गुंफलेले असतात, आणि कांदा लहान, किंचित चपटा, चवीला गोडसर असतो. मोठे, गोल गरगरीत पांढरे कांदे सुतळीने बांधून अलिबागचे म्हणून विकणारेही रस्त्याकडेला बसतात.

परतीचा मार्ग पुण्याचा असल्यामुळे मांडव्याच्या लाँचचा आपल्याला उपयोग नाही. मुंबईकर वाचकांसाठी सांगतो, की गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोटार घेऊन येणारी रो-रो हवामान पाहून पावसाळ्यातही चालते. आपण संध्याकाळी पाचच्या आत वडखळ ओलांडावे, नाहीतर पेणपर्यंत रांगेत बसण्याची तयारी ठेवावी. आणि गावात कोणाला पत्ता विचारताना गंमत म्हणूनसुद्धा 'मी काय अलिबागहून आलोय का' हे म्हणू नका. या वाक्प्रचारावर बंदी आणावी म्हणून आमच्याकडचे एक गृहस्थ २०१९ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. न्यायालयाने ते हसण्यावारी न्या असे सांगून याचिका फेटाळली, पण गावात त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आजही भेटतात.

तिथी नक्की झाली की इथे कळवा. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ कोष्टकातून काढून देतो आणि घोडागाडीवाल्याशी परतीसकट किती पैसे ठरवावेत, तेही विचारून ठेवतो.